सोमवार नसलेली मुलगी

"यंत्राला भाचा नसतो," हे वाक्य माझं. नऊ वर्षांपूर्वी मुष्टियुद्ध मंडळाच्या बैठकीत मी उभा राहून ते म्हणालो आणि टाळ्या घेतल्या. पुढं ते मंडळाच्या पत्रकावर छापून आलं, खाली माझं नाव न घालता. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी दामोदर गावंडे. अकोल्यात पोरापोरींना मुष्टियुद्ध शिकवतो. तरुणपणी सत्तावन्न किलोच्या गटात मी सलग चौदा लढती जिंकल्या होत्या. राष्ट्रीय विजेत्याला आव्हान द्यायची पाळी माझी होती. संधी मिळाली सचिवांच्या भाच्याला. त्याचा डावा हात चांगला होता, पण मामा त्याहून चांगला होता. हार माणूस पचवतो. लढूच दिलं नाही ही गोष्ट मात्र घशाखाली उतरत नाही. म्हणून 'समतोल' नावाचं यंत्र आलं, तेव्हा ढोल बडवण्यात मी सगळ्यांच्या पुढं होतो.

'समतोल'चं काम समजायला अवघड नाही. हातमोज्यांच्या अस्तरात, कमरेच्या पट्ट्यात आणि दातांत धरायच्या रबरी पट्टीत केसाएवढ्या तारा असतात. ठोसा किती वेगानं गेला, पाय कुठं पडला, नाडी किती वर चढली आणि विश्रांतीच्या एका मिनिटात किती खाली आली, हे सगळं त्या टिपतात. अशा काही हजार सरावफेऱ्या जमल्या की यंत्र त्या माणसाचं लढणं शिकतं. नुसते ठोसे नव्हेत. मार बसला की तो मागं सरतो की चिडतो, पुढं असताना आळसावतो का, थकला की कोणता हात आधी खाली येतो, हे सुद्धा. कागदोपत्री याला 'प्रतिमा' म्हणतात, आमची पोरं 'सावली' म्हणतात. दर रविवारी यंत्राच्या पोटात या सावल्या एकमेकींशी दहा-दहा हजार वेळा लढतात. जिची सावली सगळ्यांत जास्त जिंकते, तिला विजेतीशी लढायची संधी. सावलीला फोन करता येत नाही आणि जेवायला नेऊन पटवताही येत नाही.

तरी एक पळवाट होती. एखाद्या वर्षी गटात सगळेच कच्चे निघाले की आपला माणूस आत घुसवता येतो. ती बुजवायला मंडळानं 'निकष' ठेवला. गटात पूर्वी संधी मिळवलेल्यांपैकी सगळ्यांत भारी सावली दहा वर्षं यादीत राहणार. नव्या खेळाडूच्या सावलीनं तिच्याविरुद्ध दहा हजारांतल्या निम्म्याहून जास्त लढती जिंकल्या, तरच तो पुढं जाणार. हा नियमही तेव्हा मला फार आवडला होता.

मुलींच्या सत्तावन्न किलो गटाचा निकष म्हणजे रेणुका भाकरे. माझीच विद्यार्थिनी. तिला संधी मिळाली आणि लढतीला अकरा दिवस उरले असताना सकाळी मैदानावर धावता धावता ती कोसळली. हृदयाची भिंत जाड झाली होती. वय तेवीस. डॉक्टर म्हणाले, बाहेरून कुणालाच कळलं नसतं. त्या एका वाक्याला धरून मी तीन वर्षं काढली.

ती गेली, पण तिची सावली राहिली. आमच्या आखाड्यात सरावासाठी एक रबरी पुतळा आहे. आत हवेच्या नळ्या, खाली सरकते पाय. त्यात कुणाचीही सावली भरली की तो त्या माणसासारखा लढतो. रेणुकाला फेरीआधी उजव्या कोपरावर डावा मोजा दोनदा आपटायची सवय होती. पुतळाही आपटतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं होतं.

तिची आई, वंदनाताई, डाळमिलमध्ये काम करते. मिलला गुरुवारी सुट्टी असते. दर गुरुवारी चार वाजता ती यायची, प्लास्टिकच्या खुर्चीवर पदर सावरून बसायची आणि म्हणायची, "सर, लावा जरा." मी पुतळ्यात रेणुका भरायचो. तीन फेऱ्या ती बघायची. मी शेजारी बसून चहा प्यायचो. शेवटी ती उठून पुतळ्याच्या खांद्यावरून हात फिरवायची आणि घरी जायची. कुणी याला वेडेपणा म्हणेल. मी म्हणालो नाही कधी.

आणि त्या पुतळ्यापुढं रोज उभी राहायची यशोधरा तायडे. सहा वर्षं रेणुकाची सरावातली जोडीदार, आता एकोणतीस वर्षांची. तिसाव्या वाढदिवसानंतर आव्हान देता येत नाही, आणि तिचा वाढदिवस नऊ जुलैला. म्हणजे जूनअखेरची यादी तिची शेवटची. बाकी सगळ्या सावल्यांना तिची सावली हरवत होती. रेणुकापुढं मात्र दहा हजारांत चार हजार सातशे, कधी चार हजार सहाशे. दीड वर्ष आकडा हलेना.

एप्रिलअखेरच्या एका संध्याकाळी तिनं मोजे काढून कठड्यावर टाकले.

"सर, हे रेणुका नाई."

"मंग कोण आहे?"

"मले माहीत नाई. मी तिच्यासंग सहा वर्सं खेळली. सोमवारी ते दुसऱ्या फेरीतच धापा टाके. भिंतीले टेकून बसे, मीच तिच्या तोंडावर पाणी मारू. हे पुतळा कधी बसते का? याले सोमवारच नाई."

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हणालो. मी चिडलो की म्हणींचा आधार घेतो.

"अंगण वाकडंच हाये, सर. एकदा मोजून तं पाहा," ती म्हणाली आणि पिशवी उचलून निघून गेली.

मोजायची गरज नव्हती. ती काय म्हणत होती ते मला तिथल्या तिथं कळलं होतं, म्हणून तर मी चिडलो.

माझे वस्ताद सांगायचे, उपाशी पोराची ताकद जोखू नये. मी ते आयुष्यभर पाळलं. ज्याचा उपास असेल त्याची त्या दिवसाची नोंद मी मंडळाकडं पाठवत नसे. आखाड्यात सरावाच्या नोंदी जमा करणारी पेटी आहे, तिच्यावर एक कळ आहे, ती दाबली की नोंद पेटीतच राहते. रमजानमध्ये तर महिनाभर तीन-चार पोरांची कळ दाबलेली असायची. पोरं खूश, घरचे खूश. माझ्या लेखी हा न्याय होता, आणि त्याचा मला अभिमानही होता.

रेणुका सोमवार धरायची, चतुर्थी धरायची, एकादशी धरायची. वंदनाताईनं राजेश्वर महादेवाला नवस बोलला होता. पोरगी विजेती होईपर्यंत दोघी मायलेकी सोमवारी पाण्यावर राहतील. यशोधराचं घर बौद्ध, तिथं उपास नाही. ती तापात आली, पाळीत आली, आजोबांना पोचवून आली, दुकानात दुहेरी पाळी करून आली. सगळं मोजलं गेलं आणि सगळं मंडळाकडं गेलं. तिचा एकूण एक वाईट दिवस यंत्राला ठाऊक होता. रेणुकाचा एकही नव्हता. यंत्रानं कुणावर अन्याय केला नव्हता. त्याला जेवढं दाखवलं तेवढं ते शिकलं, आणि दाखवणारा मी होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी उघडली. रेणुकाच्या न पाठवलेल्या दोनशे अकरा सरावांच्या नोंदी होत्या. ती थकायची, पाय जड व्हायचे, डावा हात खाली यायचा, हे मला दिसणार हे माहीत होतं. मी नाडीचे आकडे बघत बसलो ते केवळ सवयीनं.

धडधाकट खेळाडूची नाडी फेरीनंतर एकशे ऐंशीवर असते, आणि मिनिटभराच्या विश्रांतीत एकशे तीस-पस्तीसवर येते. रेणुकाची इतर दिवशी येत होती. शेवटच्या पाच महिन्यांतल्या उपासाच्या दिवशी ती एकशे साठच्या खाली उतरतच नव्हती, आणि मधेच एक ठोका गळत होता. उपाशी अंगानं घाम गाळला आणि अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की दुखरं हृदय लपून राहू शकत नाही, असं मला नंतर एका डॉक्टरांनी समजावलं. 'समतोल'मध्ये यासाठी वेगळी सोय आहे. महिन्याभरात अशा तीन नोंदी आल्या की यंत्र त्या खेळाडूला थांबवतं आणि हृदयाची तपासणी झाल्याशिवाय मोजे घालू देत नाही. त्याच काळात नागपूरची दोन पोरं त्यानं अशी थांबवली होती. दोघंही जिवंत आहेत. एकाचं टायरचं दुकान आहे.

रेणुकाच्या अशा छत्तीस नोंदी होत्या. छत्तीसही वेळा मी कळ दाबली होती.

मी पेटी बंद केली आणि गप्प बसलो. आठ गुरुवार गप्प बसलो. वंदनाताई यायची, बसायची, पुतळा नाचायचा. मी शेजारी चहा प्यायचो आणि तो गोड लागतो की कडू ते मला कळत नसे. पुतळ्याकडं बघणं अवघड झालं होतं. तो तिसऱ्या फेरीतही ताजातवाना असायचा. रेणुकानं कोपरावर मोजा आपटला की मला वाटायचं, ही मला काहीतरी विचारते आहे.

यशोधरानं पुन्हा विषय काढला नाही. तिनं फक्त कॅलेंडरवर नऊ जुलैभोवती गोल केला आणि ते आखाड्याच्या दारावर टांगलं.

जूनच्या मध्यावर मी मंडळाला फोन केला. नोंदींबद्दल बोललो नाही, नुसतं विचारलं की निकष अन्यायाचा वाटला तर काय करायचं. पलीकडचा माणूस नियमावली तोंडपाठ असलेला होता. तो म्हणाला, "सोपं आहे, गावंडे सर. मृत खेळाडूच्या वारसानं सही केली की प्रतिमा कायमची पुसली जाते. कारण द्यावं लागत नाही. फॉर्म पाठवतो."

कारण द्यावं लागत नाही. यशोधराला संधी मिळणार, रेणुकाची सावली जाणार आणि छत्तीस नोंदींचं कुणालाच कळणार नाही. साप मरणार आणि काठीही तुटणार नाही. मी फॉर्म घडी करून खिशात घातला आणि वंदनाताईकडं गेलो.

ती नुकतीच मिलमधून आली होती. भुवयांवर डाळीची पिवळी भुकटी होती. तिनं मला पाणी दिलं, चष्मा लावला आणि फॉर्म दोनदा वाचला.

"पुसली म्हंजे पुतळ्यात येणार नाई?"

"नाही येणार."

"मंग गुरुवारी मी काय पाहू, सर?"

तिनं फॉर्मवर बोट ठेवलं. 

"यशोधराचं होते काय याच्यानं?"

"होते, ताई."

"ते पोट्टी रेणुकाच्या तेराव्याले माह्या घरी भांडे घासत होती दिवसभर," वंदनाताई म्हणाली. "तिचं होत असल तं देते मी. माही तं गेलीच हाये. जितीचं तं होऊ द्या." आणि तिनं पेनाचं टोपण काढलं.

ती भांडली असती, रडली असती, तिनं मला घराबाहेर काढलं असतं, तर मी ती सही घेऊन आलो असतो. आजही मला याची खात्री आहे. पण ती सही द्यायला निघाली होती, आणि मी तिच्याकडून तिची पोरगी दुसऱ्यांदा काढून घेत होतो, तेही माझी कातडी वाचवायला. मी तिच्या हाताखालून कागद ओढला.

"सही करू नका. आधी ऐका."

मी सगळं सांगितलं. कळ, दोनशे अकरा सराव, नाडी, नागपूरची दोन पोरं. मान वर न करता सांगितलं. मधे एकदा शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली तेवढंच. माझं सांगून संपलं. मग तिनं पदरानं भुवया पुसल्या.

"मले पाहायची हाये," ती म्हणाली. "ते. सोमवारची. आत्ता."

आम्ही ऑटोनं आखाड्यात आलो. यशोधरा दोरीवर उड्या मारत होती. मी तिलाही सांगितलं, थोडक्यात. तिनं हातातली दोरी खाली टाकली. ती मोजे चढवून रिंगणात गेली आणि उभी राहिली. मी न पाठवलेल्या नोंदी पेटीत जोडल्या. सावली नव्यानं घडायला चाळीस मिनिटं लागली. 

पुतळा उठला. कोपरावर दोनदा मोजा आपटला. पहिली फेरी नेहमीसारखी गेली. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर त्याचे पाय जड झाले. मग डावा हात हळूहळू खाली आला, हनुवटी उघडी पडली. यशोधराचा उजवा ठोसा तयार होता, तिनं तो मारला नाही. पुतळा दोन पावलं मागं गेला आणि कठड्याला टेकून राहिला. आतल्या नळ्यांची हवा आत-बाहेर होत होती, त्याचा आवाज येत होता.

वंदनाताई खुर्चीवरून उठली होती.

"हे हाये," ती म्हणाली. "हेच माही पोरगी. घरी येऊन असंच उंबऱ्यावर टेके." तिचा आवाज शांत होता. "तीन वर्सं मी त्या दुसरीले पाहू. ते कधी थकतच नोती. मले वाटे, मेल्यावर तरी बरी झाली."

यशोधरा रिंगणात तोंड फिरवून रडत होती. मला रडायचा हक्क नव्हता, म्हणून मी पेटीकडं बघत राहिलो.

"एक सांगा, सर. खरं सांगा. माह्या नवसानं गेली का ते? मी उपाशी ठेवली म्हणून?"

"नाही, ताई. उपासानं दुखणं दाखवलं होतं. छत्तीस वेळा दाखवलं. मी बघितलं नाही."

"कवापासून माहीत हाये तुम्हाले?"

"एप्रिलअखेरपासून."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "आठ गुरुवार," ती म्हणाली. "माह्या बाजूले बसून चहा पेले तुम्ही."

मी हो म्हणालो.

नव्या नोंदी मंडळाकडं पाठवायच्या तर त्या रेणुकाच्याच आहेत अशी वारसाची सही लागत होती. नाहीतर कुणीही कुणाचीही सावली आपल्या सोयीनं दुबळी करेल. ती सही वंदनाताईनं केली, माझ्याकडं न बघता, यशोधराच्या पाठीवर कागद ठेवून. आपली मुलगी यंत्राला दाखवली त्यापेक्षा दुबळी होती, हे तिनं लिहून दिलं.

जूनच्या शेवटच्या रविवारी यशोधराचा आकडा आला, पाच हजार तीनशे चाळीस. संधी तिची झाली. मला दोन वर्षं कुठल्याही खेळाडूच्या कोपऱ्यात उभं राहायला बंदी झाली. ती कमीच होती. लढतीसाठी रोहतकला तिच्यासोबत अमरावतीचे एक प्रशिक्षक गेले. मी लढत अकोल्यात पडद्यावर पाहिली. पाचपैकी तीन पंचांनी विजेतीला कौल दिला आणि दोघांनी यशोधराला. परत आल्यावर तिच्या डाव्या डोळ्याखाली काळंनिळं होतं.

"हरली, सर," ती म्हणाली. "पण मी हरली. उभं तं राहू देलं मले तिथी."

मला तेवढंच हवं होतं, तिच्यासाठीही आणि कदाचित माझ्या त्या चौदा लढतींसाठीही. त्या दिवशी मला जरा बरं वाटलं.

ते गुरुवारपर्यंत टिकलं. मला वाटलं होतं, वंदनाताई आता येणार नाही. तोंडही बघणार नाही माझं. ती बरोबर चार वाजता आली. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि शेजारची खुर्ची तिनं हातानं पुढं ओढली.

"लावा, सर. सोमवारची."

तेव्हापासून ती एकही गुरुवार चुकलेली नाही. यशोधरा आता पोरींना शिकवते, ती त्या वेळी मुद्दाम बाहेर जाते. चहा होत नाही. मी रेणुका भरतो आणि येऊन शेजारी बसतो. पहिल्या फेरीत वंदनाताई पुतळ्याकडं बघते. दुसऱ्या फेरीत पाय जड होतात. डावा हात खाली यायला लागतो, अगदी थोडा, दोन बोटं असेल. ती पुतळ्याकडं बघत नाही, माझ्याकडं बघते.

"दिसलं का, सर?"

"दिसलं, ताई."